पाठमोरी रोवणी

१

जेवण झालं की बकाराम झोपायचा, आणि तो झोपला की मंदाबाई भांडी घासायला बसायची. लग्नापासूनचा हा नेम होता. घरापुढच्या सपरीतल्या गार, सारवलेल्या भुईवर तो नुसता गमछा अंथरायचा, कुशीवर वळायचा आणि शेवटचा घास पोटात पोचायच्या आत घोरायला लागायचा. नवेगाव बांधाच्या पाण्यावर त्यांची शेती होती, त्यामुळे पाण्याची ददात नव्हती. माणूस तोंडाचा गोड आणि मनाचा सरळ. झोपेच्या बाबतीत मात्र कुंभकर्णाचा सख्खा भाऊ, असं मंदाबाई गावभर सांगत फिरायची.

दोन हजार एक सालची भाताची रोवणी चालू होती. धानाच्या खाचरांत, तिथल्या भाषेत बांध्यांमध्ये, चिखलणी होऊन पाणी चमकत होतं, आणि दुपारच्या सुट्टीत दोघं घरी जेवायला आली होती. मंदाबाईने कढईवरून मान वर केली तर नवऱ्याचा हात हलत होता. माशी हाकलत असेल, असं तिला वाटलं. पण सपरीत माशी नव्हती.

बकारामची डावी मूठ छातीशी घट्ट धरलेली होती. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं त्या मुठीपाशी यायची, तिच्यातून काहीतरी सोडवून घ्यायची आणि खाली भुईत खोचायची. मग पुन्हा मुठीपाशी, पुन्हा भुईत. डोळे मिटलेले, घोरणं चालूच.

मंदाबाईला ओळखायला वेळ लागला नाही. तिचा जन्म त्याच कामात गेला होता. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी होती. अंगठ्याने चार काड्या सोडवायच्या आणि बोटांनी चिखलात दाबायच्या. झोपेत तिचा नवरा धान रोवत होता.

तिने तोंडाला पदर लावला. रोवणं हे बायकांचं काम. पुरुषांनी पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधून बांधीत फेकायच्या आणि धुऱ्यावर उभं राहून घाई करायची. लग्नानंतरच्या पहिल्याच रोवणीत मंदाबाईने त्याला डिवचून बांधीत उतरवलं होतं. त्याने रोवलेली सगळी रोपं दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगत होती. बायका इतक्या हसल्या की त्यानंतर हा बाबा पुन्हा कधी चिखलात वाकला नाही.

बघता बघता तिचं हसू ओसरलं. आत्ताचा हात चुकत नव्हता. दोन रोपांमधलं अंतर नेमकं तेवढंच, बोटांचा दाब तेवढाच. शिवाय तो मागे सरकत होता. रोवणारी बाई मागे मागे जाते; रोवलेलं तिच्या तोंडापुढे राहतं आणि रिकामा चिखल पाठीमागे. बकाराम कुशीवर पडल्या पडल्या तसाच मागे जात होता. शेवटी त्याची पाठ भिंतीला टेकली. मग हात थांबला, आणि त्याने एक मोठा सुस्कारा सोडला.

"माह्यी कंबर गजब दुखून राह्यली," उठल्यावर तो म्हणाला.

"कायले दुखते? झोपले तं होते तुमी."

"बायाइच्या रांगेत होतो ना मी."

"कोनाच्या बाया?"

"का मालूम." त्याने जांभई दिली. "तोंड कोनाचंच दिसत नोहतं. साऱ्याजनी वाकल्या होत्या."

गमछा झटकून तो शेताकडे निघाला. मंदाबाईने कढई पुन्हा हातात घेतली. भिंतीपासून त्याच्या जागेपर्यंतची भुई तिने नजरेने मापली, आणि मग स्वतःलाच वेड्यात काढून कामाला लागली.

२

रोवणीचा शेवटचा दिवस आटोपला की रोवणाऱ्या बायांना मालकाने बोजारा द्यायचा, ही रीत. कुणी हातावर पैसे ठेवतो, कुणी जेवायला घालतो. मंदाबाई जेवायलाच घालायची, आणि भात असायचा चिन्नोरचा. चिन्नोर शिजायला लागला की त्याचा वास गल्लीच्या टोकाला जातो. बकाराम त्या टोकावरूनच ओरडायचा, "हिमांशूची माय, उतरव व, झाला!" गावात त्याच्या नाकाची थट्टा व्हायची. कुणाच्या घरी पाहुणे आलेत हे त्याला कळवावं लागत नाही, असं लोक म्हणायचे.

एका वर्षी बोजाऱ्याच्या दिवशी मंदाबाई पत्रावळी आणायला शेजारी गेली आणि भात सांभाळायला त्याला चुलीपाशी बसवून गेली. परत येते तर घरात धूर. भात शिजवायचा गुंड खालून कोळसा झालेला, आणि बकाराम त्याच्याकडे पाहत शांत बसलेला.

"भात जळून राह्यला, वास नाही आला तुमाले?"

"कायचा वास?"

तिने कांदा फोडून त्याच्या नाकाखाली धरला. मग रॉकेलची बाटली धरली. तो एखाद्या लहान पोरासारखा तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. नाक केव्हा गेलं, हे त्यालाही सांगता येईना. साऱ्या गावाने एकमुखाने निदान केलं की हा खर्ऱ्याचा परिणाम. तंबाखूने नाक जाळलं, दुसरं काय? बकारामने खर्रा सोडला. पण नाक काही परत आलं नाही, खर्रा सुटला एवढाच नफा झाला.

त्याच हिवाळ्यात पहाटे केव्हातरी "हाऽड! हाऽड!" असा आरडाओरडा झाला, आणि मंदाबाईने डोळे उघडायच्या आत तिच्या भुवईवर ठोसा बसला. ती किंचाळली तेव्हा कुठे तो जागा झाला.

"बैल घुसला होता, व! रोवलेलं तुडवून राह्यला होता," तो सांगत होता, आणि मग दिव्याच्या उजेडात तिचा डोळा पाहून ढसाढसा रडायला लागला. उभ्या जन्मात त्याने तिच्यावर हात उगारला नव्हता.

डोळा आठवडाभर काळानिळा होता. विहिरीवर घसरले, असं मंदाबाईने सांगितलं. बायांनी "हव का?" म्हटलं आणि एकमेकींकडे पाहिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. गावाला कुठे पुरावा लागतो? बकाराम काही दिवस पारावर गेला नाही. त्यानंतर त्याची खाट वेगळी झाली, आणि त्या खाटेला भिंतीच्या बाजूने पोती लावली गेली.

पण खरं सांगायचं तर मंदाबाईला मनातून नवऱ्याचं कौतुकच वाटलं. केवढा जोर आहे या वयात! झोपेतही शेत राखतो! अशी गोष्ट घेऊन कुणी दवाखान्यात जातं का? तिने मुलालासुद्धा सांगितलं नाही.

३

वर्षं गेली. मुलगा हिमांशू गोंदियाला राईस मिलमध्ये नोकरीला लागला, त्याचं नूतनशी लग्न झालं आणि त्याने शहराला लागून कुडव्याला लहानसं घर बांधलं. गावी दोघंच राहिली.

बकारामचा आवाज खाली गेला होता. पूर्वी धुऱ्यावरून हाक मारली की पलीकडच्या शिवारात ऐकू जायची. आता समोर बसून बोलला तरी मंदाबाईला "का म्हनता?" असं विचारावं लागायचं. थट्टा केली तर तो हसायचा, पण हसू तोंडावर उमटायचं नाही. पाहुण्यांना वाटायचं, मालक रागावले आहेत.

मग एके दिवशी, चांगल्या उजेडात, तो सपरीत बसून रस्त्याकडे पाहत होता आणि त्याचा उजवा हात मांडीवर पडलेला होता. अंगठा दोन बोटांवर घासत होता, सोडवत होता, पुन्हा घासत होता. मंदाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तोच हात, तीच बोटं. इतकी वर्षं जे झोपेत होतं ते जागेपणी बाहेर आलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"हात काऊन हलवून राह्यले?"

त्याने खाली पाहिलं. हात थांबला. त्याने नजर उचलली तसा पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर त्याची चाल बदलली. पाय उचलून टाकायच्या ऐवजी तो पावलापुढे पाऊल घासत जाऊ लागला, आणि घराच्या मधून न जाता भिंतीला धरून कडेकडेने. दारातून चुलीपाशी यायचं तर सरळ चार ढांगा. हा तीन भिंती फिरून यायचा. म्हातारपण, असं मंदाबाई म्हणाली. पण म्हातारी माणसं लांबची वाट धरत नाहीत, हे तिलाही कळत होतं.

"अठून या ना सरके," एकदा ती वैतागून म्हणाली. "मधातून."

"बायाइनं मधात रोवलं आहे," तो म्हणाला.

आवाजात भीती नव्हती. 'बाहेर ऊन आहे' म्हणावं तसं तो बोलला होता. मंदाबाईने मधल्या भुईकडे पाहिलं. सकाळीच तिने ती सारवली होती. तिच्या बोटांचे फरांटे अजून दिसत होते. तिने खाली बसून तळवा फिरवला. सुकी, खरखरीत भुई. बरं वाटलं तिला. तरी उठल्यावर ती चुलीपाशी गेली ती भिंतीच्या कडेने, आणि आपण असं का केलं, हे तिला सांगता आलं नाही.

४

बकाराम विहिरीच्या वाटेवर पडला आणि कपाळाला खोक पडली, तेव्हा हिमांशू येऊन दोघांना कुडव्याला घेऊन गेला. दोन हजार अकराचा उन्हाळा होता तो. घर साधंच, पण पांढऱ्या टाइल्सचं. रस्त्यावरून दुचाक्या जायच्या, शेजारचे लोक हिंदीत बोलायचे, आणि नजर जाईल तिथपर्यंत एकही बांधी दिसत नव्हती. मंदाबाईला याचाच आनंद झाला.

नागपूरच्या डॉक्टरने बकारामला चालायला लावलं, वळायला लावलं, कागदावर सही करायला लावली. सही मुंगीएवढी झाली होती. मग त्याने खुर्ची मंदाबाईकडे वळवली.

"आई, हे झोपेत हातपाय मारतात का? ओरडतात?"

मंदाबाईने पदर ओढून घेतला. ही गोष्ट तिने पोटच्या पोराला सांगितली नव्हती.

"मारते," ती म्हणाली.

"तुम्हाला कधी लागलं होतं?"

तिची बोटं आपोआप भुवईवर गेली. हिमांशू आईकडे पाहतच राहिला.

"वास येतो यांना? नाही? केव्हापासून? पोट साफ होतं? आवाज बारीक झाला? चेहऱ्यावरचं हसू गेलं? खोलीत कोणी नसताना माणसं दिसतात?"

एकेका प्रश्नाला मंदाबाई मान हलवत होती. हा परका माणूस तिच्या घरातून चालत निघाला होता. सपरीतून चुलीपाशी, चुलीपासून खाटेपाशी. दहा वर्षं तो आढ्यावर बसून सगळं पाहत होता की काय?

"तुमाले कोनं सांगतलं जी हे?"

"कोणी नाही. बऱ्याच घरांत असंच होतं, आई." मग त्याने घाई न करता सांगितलं. मेंदूतल्या काही पेशी हळूहळू सुकत जातात. पार्किन्सनच्या कुळातला आजार आहे. हात थरथरायला लागला की लोक येतात, पण हात फार उशिरा बोलतो. आधी झोप बोलते, नाक बोलतं. स्वप्न पडत असताना आपलं शरीर कुलूप लावल्यासारखं निपचित असतं. ते कुलूप तुटलं की माणूस स्वप्नातलं झोपेत करायला लागतो. कधी दहा-दहा वर्षं आधी.

"तवा आलो असतो तं?"

"थांबवता आलं नसतं, खोटं कशाला सांगू? आणि झोपेत असं करणाऱ्या प्रत्येकाला हेच होईल असंही नाही. पण दाखवायला हवं होतं. सावध राहता आलं असतं. तुमचा मार टळला असता, यांचं पडणं टळलं असतं." त्याने गोळ्या लिहिल्या. "एक करा. त्यांना जे दिसतं त्यावरून भांडू नका. घाबरवू नका."

दारापर्यंत जाऊन मंदाबाई परत वळली.

"साहेब, मंग त्या बाया साऱ्याइच्या घरी जातेत?"

डॉक्टर हसला नाही. "कोणाच्या घरी लहान मुलं येतात, कोणाच्या घरी मांजरी," तो म्हणाला. "बायाही येतात. बहुतेक गप्प असतात."

परतीच्या गाडीत हिमांशू खिडकीतून बाहेर पाहत बसला होता. "मले काऊन नाही सांगतलं, माय?" एवढंच तो एकदा म्हणाला. मंदाबाई मनाशी म्हणाली, काम करणाऱ्या हाताला कुणी रोग म्हणतं का?

५

गोळ्यांनी हात थांबला. बकाराम हॉलच्या मधून चालायला लागला, एकदा तर नूतनच्या स्वयंपाकाला नावंही ठेवली. मंदाबाईने देवाला नारळ फोडला. टाइल्सवर चिखल कसा होईल, असं ती मनाशी म्हणायची.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी तो खोलीतून हॉलमध्ये आला, उंबऱ्यावर थांबला, आणि दोन्ही हातांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला.

"का झालं?"

"पानी सोडलं वाटते," तो म्हणाला. "अठीबी चिखलनी झाली."

मग तो कडेकडेने, भिंत धरून, आपल्या खुर्चीपाशी गेला. खुर्ची मागच्या भिंतीला होती आणि टीव्ही समोरच्या. त्या दोहोंच्या मधल्या पांढऱ्या टाइल्सवर नूतनने फरशी पुसायचं पोतं फिरवायला घेतलं.

"आई, चिखलाचे पाय घेऊन कोण आलं होतं?" ती बादलीत पाहत म्हणाली. "पानी पाहा कसं झालं."

बादलीतलं पाणी गढूळ होतं. पोतं फिरवल्यावर गढूळ होणारच, असं मंदाबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः पोतं फिरवलं, आणि बादलीत न पाहता पाणी मोरीत ओतून दिलं.

डॉक्टरचं ऐकून ती भांडली नाही. उलट त्याच्या शेजारी बसून विचारायची, "कठीपर्यंत आल्या?"

"टीवीपासून निंगाल्या आहेत. पाठमोऱ्या. मांगं मांगं येऊन राह्यल्या."

"कोन आहेत?"

"तोंड कोठी दिसते? वाकल्या आहेत ना." त्याचा आवाज कुजबुजीएवढा होता, पण त्यात आदर होता. "गजब रोवतेत, हिमांशूची माय. एक रोप तरंगत नाही."

मंदाबाई पाहायची. तिला पांढऱ्या टाइल्स दिसायच्या. पण त्याचे डोळे ज्या रेषेवर टेकलेले असायचे ती रेष सरकत होती, हे खरं. दिवाळीनंतर टीव्हीखाली होती, संक्रांतीला पंख्याखाली आली, होळीला पंख्याच्या अलीकडे. कधी कधी ती त्याच्या नजरेच्या वाटेवर आपला हात धरून पाहायची. नजर हातामुळे अडायची नाही, हातापलीकडे तशीच टेकलेली राहायची. आंधळ्या माणसाची नजर अशी नसते. समोर काहीतरी आहे अशाच माणसाची असते.

"खुर्चीपर्यंत रोवनी आली का उरकली," एके दिवशी तो म्हणाला. "मंग कंबर सरकी करतीन. फिरतीन माह्याकडं. मंग दिसतीन तोंडं."

हे बोलताना त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. त्याला भीती वाटते हे मंदाबाईने पहिल्यांदा पाहिलं.

त्याच सुमाराला तो माणसं विसरायला लागला. हिमांशूला तो 'साहेब' म्हणायचा. नूतन पाणी घेऊन आली की हात जोडायचा. मंदाबाईला वाटायचं, आपलं काही होणार नाही. चाळीस वर्षांचा संसार आहे, पुसून पुसून किती पुसेल? पण एका दुपारी ती त्याला भरवायला बसली तेव्हा त्याने तोंड बाजूला केलं.

"बाई, तुमी कोनाच्या?" त्याने अदबीने विचारलं. "हिमांशूच्या मायले बलावा ना जरा."

"मीच तं आहो."

त्याने तिचा चेहरा नीट पाहिला. खूप वेळ पाहिला.

"नाही जी," तो म्हणाला. "ती घरी नाही. रोवाले गेली आहे."

मंदाबाई ताट घेऊन उठली आणि मोरीत नळ सोडून रडली. तिला त्याच्या आजाराचं रडू नव्हतं. घरात हिंडणाऱ्या, त्याचं हगणंमुतणं काढणाऱ्या जित्या बायकोला तो ओळखत नव्हता, आणि रोवायला गेलेल्या पाठमोरीची वाट पाहत होता. त्याने जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, तिला तिच्या नावाने ओळखावं, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही ती आता देवाकडे मागत नव्हती.

६

वैशाखातली दुपार. हिमांशू मिलमध्ये, नूतन माहेरी तिरोड्याला गेलेली. खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. मंदाबाई भांडी घासायला बसली होती. तो नेम मात्र तिने मोडला नव्हता. एकाएकी तिला जाणवलं की आज घोरणं ऐकू येत नाही.

ती हॉलच्या दारात आली. बकारामने दोन्ही पाय खुर्चीवर उचलून घेतले होते आणि गुडघे छातीशी धरले होते. डोळे घट्ट मिटले होते.

"का झालं जी?"

"झालीच आता," तो पुटपुटला. "एक रांग राह्यली."

मंदाबाई उंबऱ्यावर उभी राहिली. तिला आधी राग आला. दहा वर्षं ज्या तिच्या घरात फिरत होत्या, त्या आज उभ्या राहून त्याच्याकडे वळणार होत्या. आणि तो शेवटचा चेहरा पाहणार तो कुणा परकीचा? मग त्याचं ते बोलणं तिला आठवलं. ती घरी नाही, रोवाले गेली आहे. आणि तिला एकदम सोपं झालं. चाळीस वर्षं ती गेलीच होती की नाही रोवायला? त्याला बायको हवी होती तर ती तिथेच सापडणार होती.

तिने लुगड्याचा काष्टा वर खोचला.

"अगा," तिने हाक मारली, "रांगेत जागा कोठी आहे?"

त्याने डोळे न उघडता हाताने दाखवलं. "त्या दोघीच्या मधात."

ती कडेकडेने त्या जागी गेली, त्याच्याकडे पाठ केली आणि वाकली. गुडघे कुरकुरले. डावी मूठ छातीशी धरली. मुठीत काही नव्हतं. उजव्या हाताने तिने नसलेली रोपं सोडवली आणि टाइलवर टेकवली. टाइल गार होती, गुळगुळीत होती. आपण म्हातारपणी काय नाटक करतो आहोत, असं वाटून तिला हसू आलं. तरी तिने दुसरं रोप लावलं, मग तिसरं. हाताला लय सापडली. लय सापडली की रोवणारी बाई विचार करत नाही. ती एक पाऊल मागे सरकली.

तिथे बोट टाइलवर थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही, आत गेलं.

मंदाबाईचा श्वास अडकला, पण हात अडकला नाही. चिखल वरून उन्हाने तापलेला होता आणि खाली गार, जसा तो असतो तसाच. डाव्या मुठीत ओलं काहीतरी होतं आणि मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. तिने नजर आपल्या हातावर ठेवली, दुसरीकडे कुठेच जाऊ दिली नाही. उजवीकडे बांगड्या वाजल्या. मग डावीकडे. मग दोन्हीकडे दूरपर्यंत. तो हॉल जेवढा होता त्यापेक्षा कितीतरी दूरपर्यंत त्या वाजत गेल्या. सगळ्यांचं पाऊल एकदम मागे पडत होतं. इतकी सरळ, इतकी सुरेख रोवणी तिने जन्मात पाहिली नव्हती, आणि तिच्यात आपला हात आहे या विचाराने तिचा ऊर भरून आला. भीती होती, पण देवळात गाभाऱ्यापुढे असते तशी.

तिची टाच खुर्चीच्या पायाला लागली. रांग संपली.

आता साऱ्या उभ्या राहणार होत्या. मंदाबाईने वाट पाहिली नाही. साऱ्यांच्या आधी तिने कंबर सरळ केली आणि नवऱ्याकडे वळली.

"डोरे उघडा," ती म्हणाली.

बकारामने डोळे उघडले. तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि त्याचा घट्ट झालेला चेहरा कुठूनतरी सैल व्हायला लागला.

"मंदे," तो म्हणाला. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर त्याने हे नाव कुणापुढे घेतलं नव्हतं. "तूच होती का व? इतके साल, पाठमोरी?"

"हव," मंदाबाई म्हणाली. "मीच."

त्याने तिचा ओला हात धरला आणि नाकाशी नेला. लहान पोराने फूल हुंगावं तसा त्याने खोल श्वास घेतला.

"चिखलाचा वास येऊन राह्यला," तो म्हणाला. पुन्हा हुंगलं. "चिन्नोर आहे हा."

तिच्या मागे बांगड्या वाजल्या. एक कंबर सरळ झाली, मग तिच्या शेजारची, मग तिच्या पलीकडची. बकारामची नजर मंदाबाईच्या खांद्यावरून वर गेली आणि हळूहळू, एकीवरून दुसरीवर, दूर कुठेतरी जात राहिली. आणि तो हसला. तोंडभर, पूर्वीसारखा.

मंदाबाईने मागे पाहिलं नाही. इतक्या साऱ्याजणींच्या बोजाऱ्याला तांदूळ किती लागतील, एवढाच हिशेब ती मनाशी करत राहिली.